एका दिवसाची मुदतवाढ

"मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर कालपासून उघडंनाच गेलंय. मी सोनपेठहून बोलायलो."

रेणुकानं नुकताच डबा उघडला होता. भाकरीचा पहिला तुकडा मोडून हातातच होता. आवाज ओळखीचा नव्हता, पण असा होता की तुकडा डब्यात परत ठेवून द्यावा.

खरं तर तिनं तिथंच सांगायला हवं होतं, की बाबा रे, मी सॉफ्टवेअरवाली नाही. गंगाखेडच्या बसस्टँडसमोर, एका कापड दुकानाच्या माडीवर ती लोकांचे आयकर रिटर्न भरायची. शाळांचे मास्तर, साखर कारखान्यातले कारकून, दोन-चार डॉक्टर, झालंच तर बियाण्यांचे दुकानदार. सॉफ्टवेअर विकायचा तो परभणीचा परमेश्वर. पण परमेश्वरला सॉफ्टवेअर विकता यायचं, चालवता यायचं नाही. कुणी अडचण घेऊन आलं की तो बिनदिक्कत रेणुकाचा नंबर द्यायचा आणि मोकळा व्हायचा. असे फोन तिला रोज यायचे आणि ती रोज परमेश्वरला मनातल्या मनात चार शब्द ऐकवायची.

त्या दिवशी मात्र तिला काय लहर आली कोण जाणे. कंपनीचं ऑफिस पुण्यात, म्हणून आवाज जरा पुणेरी करून ती म्हणाली, "नमस्कार. बोला, आपल्याला काय अडचण येत आहे?"

तो बिचारा सांगू लागला. नवं अपडेट टाकल्यापासून सगळं अडलंय, मास्तर लोक समोर बसून आहेत. तिनं एकेक पायरी सांगितली, त्यानं एकेक केली. "ते मला माहीत आहे" असं मध्ये एकदाही म्हणाला नाही. पुरुषांच्या बाबतीत दुर्मीळ असलेली ही गोष्ट तिनं कौतुकानं टिपून ठेवली. आता सगळं मार्गी लागणार, तेवढ्यात समोरच्या स्टँडवरचा भोंगा करकरला... सोनपेठकडे जाणारी गाडी फलाटावर लागली आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी.

फोनवर चाललेली कळफलकाची टकटक थांबली.

"मॅडम," तो अगदी अदबीनं म्हणाला, "पुण्यातून सोनपेठची गाडी सुटायली का आजकाल?"

रेणुका हसली. चांगली खळखळून हसली, आणि मग स्वतःच दचकली. त्या खोलीनं तिचं हसू बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

"मी गंगाखेडहून बोलायले," ती म्हणाली. "आणि मी कंपनीची न्हाई."

"ते बरंच झालं," तो म्हणाला. "कंपनीचे लोक हसत न्हाईत."

त्याचं नाव सिद्धोधन. पुण्यात एका मोठ्या फर्ममध्ये हिशेब सांभाळायचा. वडिलांची नजर गेली तसा नोकरी सोडून सोनपेठला परत आला आणि बाजारपेठेत एक गाळा घेऊन बसला. मोठ्या कंपन्यांचे हिशेब त्याला तोंडपाठ होते, पण इथल्या मास्तरांच्या थकबाकीचं गणित त्याला नवं होतं. पहिल्याच आठवड्यात त्यानं विचारलं, की एकदम मिळालेल्या थकबाकीवर सूट घेतली तर नोटीस का येते. तिनं सांगितलं, त्याचा वेगळा फॉर्म असतो, तो रिटर्नच्या आधी भरायचा. आधी तो, मग हे. उलटं केलं की नोटीस आलीच म्हणून समजा.

"आधी काय अन् मग काय, हे तुमीच सांगत जा," तो म्हणाला. "माझं नेहमी उलटं होतं."

फोनवर सांगून भागेना तेव्हा ती त्याचा कॉम्प्युटर आपल्या पडद्यावर घेऊ लागली. ही सोय सगळेच वापरतात. आपण आपल्या खुर्चीत बसून दुसऱ्याच्या पडद्यावरचा बाण हलवायचा. आता यात एक गंमत असते. बाण एकच आणि त्याच्यावर हात दोघांचे. बहुतेक लोकांना धीर नसतो. ती बाण डावीकडे नेते, ते उजवीकडे ओढतात, आणि दहा मिनिटांचं काम तासावर जातं. सिद्धोधन मात्र माउसवरून हात काढून घ्यायचा. त्याच्या पडद्यावर ती निवांत फिरायची, आपल्याच घरात फिरावं तशी.

एकदा मध्येच खालच्या हॉटेलातल्या सुलाबाई चहा घेऊन आल्या, म्हणून रेणुकानं काम थांबवलं. कप तोंडाला लावला तर पडद्यावर बाण हळूच हलला. एक लहानसं गोल वेटोळं काढलं आणि पुन्हा गप्प उभा राहिला. जणू विचारत होता, आहात ना?

तिनं कप खाली ठेवला आणि तसंच एक वेटोळं काढलं. आहे.

मग दोघंही पुन्हा कामाला लागले. पण त्या दिवसापासून कामाच्या सुरुवातीला एक वेटोळं त्याचं आणि एक तिचं, असा रिवाजच पडला.

एकटेपणाची सवय होते असं लोक म्हणतात. रेणुकाला झाली नव्हती. वडील, दत्तराव गुरुजी, गेले त्यानंतर भावानं पुण्याला चल म्हणून आग्रह केला. ती गेली नाही. गंगाखेड सोडवेना. लग्न एकदा ठरून मोडलं होतं, त्याला आता इतकी वर्षं झाली होती की लोकांनी विचारणंही सोडलं होतं. घरी गेलं की सकाळी आपणच लावलेलं कुलूप आपणच उघडायचं. भाजी करायची ती एका माणसाची, आणि एका माणसाची भाजी कधी नीट होत नाही, एक तर उरते नाही तर करपते. रविवारी संध्याकाळी ती गोदावरीच्या घाटावर जाऊन बसायची, तिथंही सगळे जोडीनं नाही तर लेकराबाळांनी आलेले.

म्हणून तिला कामाचा हंगाम आवडायचा. निदान फोन तरी वाजायचा.

आणि यंदाच्या हंगामात रोज दुपारी एक फोन हमखास वाजायचा.

"बचत खात्याचं व्याज कुठं दाखवायचं?" त्यानं श्रावणातल्या एका दुपारी विचारलं.

"हे तुम्ही परवाच विचारलं होतं."

"परवा पाऊस होता मॅडम. नीट ऐकू आलं न्हाई."

"परवा पाऊस न्हवता."

"सोनपेठला होता..." तो म्हणाला, आणि तो पकडला गेला हे दोघांनाही कळलं.

"मॅडम म्हणू नका मला," ती म्हणाली.

"मग काय म्हणू?"

"रेणुका म्हणा की."

बाहेर खरोखरच भुरभुर सुरू झाली होती आणि स्टँडवरचे लोक छपराखाली दाटीनं उभे होते.

"म्हणतो," तो म्हणाला. "पण आज न्हाई... जरा सवड द्या."

असं करत करत सप्टेंबर उजाडला. यंदा रिटर्नची मुदत आधीच जुलैवरून पंधरा सप्टेंबरवर गेली होती. जिल्ह्यातल्या कर सल्लागारांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता, आणि महिन्याच्या सुरुवातीपासून त्यावर एकच धोशा चालू झाला. साइट चालंना, लोक कागद आणंनात, सरकारनं आणखी पंधरा दिवस द्यावेत. दरवर्षी हा धोशा सुरू झाला की रेणुका ग्रुपवर एकच वाक्य टाकायची, की कामं वेळेत केली तर मुदतवाढ लागत नाही. त्यापायी ती थोडी कुप्रसिद्धच होती. तिची सगळी कामं आठवडाभर आधी उरकायची, आणि शेवटच्या दिवशी बाकी सगळे साइटच्या नावानं बोटं मोडत असताना ती ऑफिसातली कपाटं पुसायची.

यंदाही तिचं सगळं उरकलं होतं. कपाटंसुद्धा पुसून झाली होती. पण मुदत जवळ आली तशी ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचं टाळू लागली. पंधरा तारीख उलटली की प्रश्न संपले. प्रश्न संपले की दुपारचा फोन संपला. त्यानं कामाशिवाय कधी फोन केला नव्हता, तिनंही नाही. कामाशिवाय फोन करून माणूस काय बोलतो, हे तिला आठवतही नव्हतं. आणि तो फोन गेला तर तिच्याजवळ उरणार काय? करपलेली भाजी आणि घाट.

चौदा तारखेला दुपारी तिनं ग्रुप उघडला आणि लिहिलं, "मुदतवाढ मिळायलाच हवी. किमान पंधरा दिवस तरी."

ग्रुप हादरला. परभणीचे सगळ्यांत ज्येष्ठ सल्लागार दिनकरराव, जे एरवी नुसते अंगठे पाठवायचे, त्यांनी लिहिलं, "रेणुकाताई, यंदा तुमचंबी ऱ्हायलं का काय?" मागोमाग हसण्याच्या चेहऱ्यांची रांग लागली. तिनं संदेश कुणी कुणी वाचला ती यादी उघडली. सिद्धोधननं तो संदेश वाचल्याचं दिसत होतं. त्यानं मात्र काही लिहिलं नाही.

पंधराच्या सकाळी तो धड मोकळ्या नाही आणि धड तुटक नाही अशा आवाजात दोन मिनिटं बोलला, एक शंका विचारली आणि फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत मुदतवाढीची बातमी नव्हती. रेणुका घरी जाऊन, न जेवता झोपली.

सकाळी फोन पाहिला तर ग्रुपवर दंगा. सरकारनं मुदत वाढवली होती. पंधरा दिवस नाही, एक दिवस.

लोक चिडले होते. एका दिवसात काय दिवे लावायचे, असं विचारत होते. रेणुकाला मात्र तो एक दिवस एकटीसाठीच पाठवल्यासारखा वाटला. तिनं ठेवणीतली निळी साडी काढली. फोनवर साडी दिसत नाही हे तिला माहीत होतं, तरी नेसली. सुलाबाईंनी चहा ठेवता ठेवता विचारलं, कुणाचं लग्न हाय का.

दुपार झाली. फोन वाजला, तो परमेश्वरचा. मग पाथरीच्या एकाचा. मग कुठल्याशा बँकेचा, कर्ज हवंय का म्हणून. डबा तसाच राहिला. ती पडद्यासमोर बसून राहिली, आणि बाण जिथं ठेवला होता तिथंच उभा होता.

दिवेलागणीला ग्रुपवर सिद्धोधनचा संदेश आला, "माझ्याकडच्या सगळ्या लोकांचं झालं. मदतीबद्दल सगळ्यांचे आभार."

सगळ्यांचे. त्या सगळ्यांत आपणही एक, असं तिला वाटलं. आपण वेड्या. माणूस कामापुरता गोड बोलला आणि आपण निळ्या साड्या नेसत बसलो. पडद्यावरचं वेटोळं ते काय, तेही आपण मनाशी धरलं. तिनं कॉम्प्युटर बंद केला, आणि घरी जाताना स्टँडवरून न जाता मागच्या गल्लीतून गेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायचं काही कारण नव्हतं. घरी थांबायचंही नव्हतं. ती आली, पंखा लावला, पुसलेलं कपाट पुन्हा पुसायला घेतलं. साधी, रोजची, धुवून विटलेली साडी. केससुद्धा धड विंचरलेले नव्हते.

जिन्यावर पावलं वाजली. दारात एक सडपातळ माणूस उभा होता. हातात ओली छत्री, पाठीला बॅग, पॅन्टच्या पायावर चिखलाचे शिंतोडे. छत्री कुठं ठेवावी ते न कळून तो तशीच धरून उभा राहिला.

"बोला," ती पाठमोरीच म्हणाली. "मुदत संपली आता."

"म्हणूनच आलो," तो म्हणाला.

तिच्या हातातलं फडकं थांबलं. तो आवाज तिनं हजारात ओळखला असता. ती वळली. तो फोनवर वाटायचा त्यापेक्षा उंच होता आणि बराच जास्त घाबरलेला. दोघांची नजर भेटली आणि लगेच दोघांनीही ती दुसरीकडे वळवली, तिनं फडक्याकडे, त्यानं छत्रीकडे.

"बसा," ती म्हणाली. "कुणाचं ऱ्हायलंय?"

"एक ऱ्हायलंय. माझंच."

"तुमचं स्वतःचं?" तिच्यातली कर सल्लागार एकदम जागी झाली. "आता हजार रुपये दंड बसंल. काल आख्खा दिवस होता की. फोन का न्हाई केला?"

"केला असता तर तुमी भरायला लावलं असतं." तो छत्रीच्या मुठीशी चाळा करत होता. "मुदतीत भरलं असतं तर सगळं संपलं असतं... दंडासहित भरायला डिसेंबरपर्यंत सवड असते. तोवर तुमच्याकडं यायला बहाणा झाला."

खाली कुणीतरी कापडाचा भाव करत होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता.

"आता तुमी सांगा," तो म्हणाला. "तुमचं तर आठवड्याखालीच झालं होतं. परमेश्वरनं सांगितलं मला. मग मुदतवाढ कशाला मागितली?"

तिला वाटलं, काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी. पण गेले कितीतरी महिने, नव्हे वर्षं, ती वेळच मारून नेत होती. तिनं फडकं टेबलावर ठेवलं.

"तुमचा फोन बंद होईल म्हणून," ती म्हणाली. "मला करमलं नसतं. मला एकटीला लय कंटाळा आलाय सिद्धोधन... अन् तुमी मला आवडता."

त्यानं छत्री खाली ठेवली. ती घरंगळत टेबलाखाली गेली, ती उचलायलाही तो वाकला नाही. नुसता तिच्याकडे पाहत राहिला, आणि यावेळी कुणीच नजर वळवली नाही.

मग रेणुका कॉम्प्युटरसमोर बसली. त्याला शेजारची खुर्ची दिली, त्याचा पॅन नंबर विचारला, टाकला. कालपर्यंत अडकत, कण्हत चालणारी साइट आज अख्ख्या देशानं मोकळी सोडलेली. पान डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडलं. सगळी माहिती आयती भरलेली. दहा मिनिटांचं काम होतं.

तिनं त्या उघडलेल्या पानाकडे पाहिलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, "साइट लय स्लो हाय आज. होणार न्हाई वाटतं."

त्यानंही पडद्याकडे वाकून नीट पाहिलं. "व्हय," तो म्हणाला. "लयच स्लो हाय. उद्या यावं लागंल, रेणुका."

स्टँडवरचा भोंगा करकरला. सोनपेठकडे जाणारी गाडी फलाटावर लागली होती. तो उठला नाही. त्यानं हात लांबवून माउस धरला आणि पडद्यावर हळूच एक वेटोळं काढलं. रेणुकानं त्याच्या हातावर आपला हात ठेवला, आणि दुसरं वेटोळं दोघांनी मिळून काढलं. ते जरा वाकडंच आलं.

गाडी निघून गेली. त्यानंतरही एक होती.