कापलेले श्वास

त्या दुपारी वहिनी स्टुडिओत आली ती फक्त एक वाक्य ऐकायला. ऐकायचं आणि हो किंवा नाही म्हणायचं, एवढंच काम होतं. येतेच आहेस तर तुझ्याकडे राहिलेली माझी छत्री घेऊन ये, असं मी तिला फोनवर सांगितलं होतं. छत्री ती विसरली. मीही तिला काही बोलले नाही, आणि हे माझ्या स्वभावाला धरून नव्हतं.

मी सिनेमांचे आवाज साफ करते. लोकांना वाटतं पडद्यावरचा माणूस बोलतो तेव्हा आवाज त्याच्याच तोंडून येतो. पुष्कळदा तो एका बंद खोलीत, माइकसमोर उभं राहून, नंतर बोललेला असतो. मग माझ्यासारखं कुणीतरी त्यातली बुटांची करकर, पोटातली गुडगुड, कागदाची सळसळ कापून टाकतं. माझी जीभ कात्रीसारखी चालते असं घरात सगळे म्हणायचे. धंदाही कापाकापीचाच मिळाला, बरं झालं म्हणायचे.

तो सिनेमा एका रोबोचा होता. एकटं घर, त्यात एक म्हातारी आणि तिची देखभाल करणारा रोबो. हळूहळू म्हातारीला कळेनासं होतं की हा यंत्र आहे की माणूस, आणि पुढे पुढे रोबोलाही ते नीट सांगता येईनासं होतं. पडद्यावर रबराचा आणि पत्र्याचा पुतळा होता, मोटरवर मान हलवणारा. आवाज माझ्या मोठ्या भावाचा. दिग्दर्शकाचा एकच हट्ट होता की रोबोच्या बोलण्यात श्वास ऐकू येता कामा नये. माणूस कितीही सपाट बोलला तरी वाक्याच्या आधी हवा आत ओढतोच. तो आवाज मी कापायचा. वर्षभर मी दादाचे श्वास कापत बसले होते. पण कापलेलं टाकून देणं माझ्या जिवावर येतं, म्हणून ते सगळे एकामागे एक असे वेगळ्या ट्रॅकवर ठेवत गेले.

दादाच्या अंगात तो रोबो भलताच भिनला होता. घरीही तसाच बोलायचा. जेवताना एकदम मान न हलवता म्हणायचा, “मीठ. कमी. आहे.” वहिनी म्हणायची, “मशीनला चव कधीपासून कळायला लागली?” आम्ही हसून लोटपोट व्हायचो. पाहुणे आले की त्याला मुद्दाम बोलायला लावायचो. नंतर नंतर तो रोबोतून बाहेर यायचाच नाही. दोन शब्द, थांबणं, पुन्हा दोन शब्द. वहिनी वैतागली. “सिनेमा पुरा होईपर्यंत मी एका डब्याशी संसार करायचा का गं?” असं तिनं मला फोन करून विचारलं होतं.

मग दादाला हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं आणि आठवड्याभरात तो गेला. फुप्फुसं कामातून गेली होती. डॉक्टर म्हणाले, “बरेच महिने अंगावर काढलंय यांनी. एका दमात दोनतीन शब्दांपलीकडे बोलता येत नसणार. घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?” त्या डॉक्टरांना काय सांगणार होतो आम्ही? की आम्ही त्याच्या बोलण्यावर टाळ्या वाजवत होतो?

त्याहून वाईट एक गोष्ट वहिनीच्या वाट्याला आली. शेवटच्या दिवशी ती हॉस्पिटलमधून जराशी घरी गेली होती, अंघोळ करून लगेच परत यायला. तो शांत झोपला होता म्हणून गेली. घराचं कुलूप काढत होती तेवढ्यात फोन आला. तेव्हापासून तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. “तो जागा झाला असेल,” ती मला म्हणायची, “आणि मी दिसले नसेन.” माझी कात्रीसारखी जीभ तिथं काही कामाची नव्हती.

सिनेमाचं एक वाक्य तेवढं राहिलं होतं, अगदी शेवटचं. म्हातारी अंथरुणाला खिळली आहे, डोळे मिटायला घाबरते आहे, आणि रोबो तिला म्हणतो, “मी इथंच आहे. तू झोप.” दिग्दर्शक मला म्हणाला की दुसऱ्या कुणाचा आवाज तिथं घालावासा वाटत नाही, दादाच्या आधीच्या बोलण्यातून तुकडे काढून जोडता येईल का बघ. फक्त त्यांच्या पत्नीची परवानगी हवी.

मी जोडलं. “मी”, “इथंच”, “आहे”, “तू” सहज मिळाले. “झोप” मात्र कुठंच नव्हता, कारण रोबोला झोपेबद्दल बोलायची वेळच आली नव्हती. शेवटी “झोत” मधला झो घेतला, “माप” मधला प घेतला आणि दोन्ही सांधले. सांधा इतका बारीक की माझ्याशिवाय कुणाला कळला नसता. तरी मला तो दरवेळी खुपायचा, दातात अडकलेल्या काडीसारखा.

तर वहिनी आली. माझ्या खोलीला खिडकी नाही. बाहेर टळटळीत ऊन असलं तरी आत सदा तिन्हीसांजा. भिंतींना जाड कापड, त्यामुळे स्वतःचा आवाजही दोन हातांवर विझतो. तापलेल्या मशिनींचा आणि जुन्या गालिच्याचा वास. समोर मोठी काच आणि काचेपलीकडे छोटी खोली, जिथं माइकसमोर उभं राहून बोलतात. तिथला दिवा बंद होता.

मी वाक्य लावलं.

“मी इथंच आहे. तू झोप.”

वहिनी हलली नाही. “परत लाव,” म्हणाली. मी परत लावलं. तिसऱ्यांदाही लावलं.

“चिमे,” ती हळूच म्हणाली, “हा तो नाही गं.”

“वहिनी, अक्षर न् अक्षर त्याचं आहे.”

“अक्षरं त्याचीच आहेत. बोलतंय कोण?”

मग तिनं विचारलं, “त्याचा श्वास कुठं गेला?”

मी सगळं सांगितलं. दिग्दर्शकाचा हट्ट, माझं कापणं, तो वेगळा ट्रॅक. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा कधी नव्हे इतका म्हातारा दिसत होता. “म्हणजे ते आहेत तुझ्याकडे,” ती म्हणाली. “ते ऐकव.”

मी टेबलावरचा दिवा मंद केला आणि ट्रॅक लावला.

आधीचे श्वास मोठे होते. मोकळे, भरदार, वाक्याच्या उंबऱ्यावर घेतलेले. त्यांच्यामागे शब्द नव्हते, नुसतं हवा आत घेणं, एकामागून एक, एकामागून एक. आम्ही दोघी त्या अंधारात बसलो होतो आणि माझा भाऊ बोलायला तोंड उघडत होता, पुन्हा उघडत होता, आणि बोलत काहीच नव्हता. मला ते सहन होईना. पण वहिनी पुढं झुकली होती. माणसं जुने फोटो ओळखतात तशी ती ते श्वास ओळखत होती.

“हा जिना चढून आल्यावरचा,” ती पुटपुटली. “हा हसू दाबतोय… हा माझ्यावर चिडल्यावर घेतो तसा.”

मग श्वास आखूड होत गेले. त्यांच्यात बारीक शिट्टी वाजू लागली. हवा आत जाता जाता अडायची, धडपडायची, पुन्हा आत शिरायची. वहिनीनं माझा हात घट्ट धरला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. “किती त्रास होत होता त्याला,” ती म्हणाली, “आणि मी त्याला डबा म्हणाले.”

“बंद करू?”

“नको. शेवटपर्यंत ऐकू दे मला.”

शेवटचा श्वास झाला. मॉनिटरवरची आवाजाची रेघ सपाट झाली. ट्रॅक संपला.

आणि श्वास चालूच राहिले.

मी आधी हात मागे घेतले. मग बटणं पाहिली. काहीच वाजत नव्हतं, सगळं थांबलेलं होतं. तरी स्पीकरमधून श्वास येत होते… संथ, खोल, शिट्टी नसलेले. कितीतरी महिन्यांत दादानं घेतला नसेल असा निवांत श्वास. समोरच्या, आवाजाची पातळी दाखवणाऱ्या काट्यांकडे नजर गेली तेव्हा कळलं की एक काटा हलतो आहे. काचेपलीकडच्या माइकचा. तो माइक मी चालू केला नव्हता. पलीकडे काळोख होता, आणि काटा हळूच वर येत होता… खाली जात होता…

“वहिनी…” मी तिच्याकडे वळले. “हा ट्रॅक नाहीये.”

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काचेकडे तोंड करून, घरात स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत विचारावं तसं, तिनं विचारलं, “आता बरं वाटतंय का रे?”

श्वास थांबला.

आम्ही दोघी थांबलो. कापडाच्या भिंतींनी सगळा आवाज पिऊन टाकल्यासारखं झालं. मग त्या काळोखातून कुणीतरी हवा आत घेतली, पूर्ण, बोलायच्या आधी घेतात तशी.

“मी इथंच आहे,” तो म्हणाला. “तू झोप.”

सपाट नव्हता तो आवाज. उबदार होता, किंचित घोगरा, दादाच्या सकाळच्या आवाजासारखा. वहिनीनं हं म्हटलं, खुर्चीच्या पाठीला डोकं टेकवलं आणि डोळे मिटले. गालावरचं पाणी सुकायच्या आत तिला झोप लागली. किती दिवसांनी ती बाई झोपली होती.

मी मात्र गोठून बसले होते. कारण “झोप” मध्ये सांधा होता. मी जोडलेला. बारीक, पण होता.

धीर करून मी आत गेले, दिवा लावला. कुणी नव्हतं. कोपरा न् कोपरा पाहिला. माइकसमोर थुंकी उडू नये म्हणून कापडाची एक गोल जाळी असते. ती ओलसर होती, आणि हात लावला तर कोमट.

वहिनी उठली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. “दिग्दर्शकाला हो सांग,” म्हणाली. मग लहान मुलीसारखं भीत भीत विचारलं, “मी पुन्हा आले तर चालेल?” मी चालेल म्हणाले. सांध्याचं सांगितलं नाही. काय मिळवणार होते सांगून?

सिनेमा लागला. त्या वाक्याला लोक थिएटरात रडतात म्हणे. मी पाहिला नाही. वहिनी आता मंगळवारी दुपारी येते, तेव्हा स्टुडिओ रिकामा असतो. मी तिला तीच खुर्ची देते, आतला दिवा मालवते. थोड्या वेळानं श्वास सुरू होतात, तो ते एक वाक्य म्हणतो, ती झोपते. मी शेजारी बसून राहते. भीती वाटते का म्हणाल, तर वाटते. पण तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली आहेत.

एकदा ती झोपल्यावर काटा पुन्हा हलला.

“ही बाई,” दादाचा आवाज हळूच म्हणाला, “कोण आहे? इथं येऊन झोपते ती?”

मला रडू आवरेना. तोंडावर ओढणी दाबून रडले, ती जागी होऊ नये म्हणून. मग डोळे पुसले आणि म्हणाले, “तुझी बायको.” श्वास तेवढे येत होते. मी सांगायला लागले. दोघांची ओळख कशी झाली, तो तिला पहिल्यांदा घरी घेऊन आला तेव्हा आईनं दार उघडून कसं पुन्हा लावलं, ती चिडली की भांडी कशी आपटते. लहान मुलाला सांगावं तसं सांगत गेले. तेव्हापासून ती झोपली की तो विचारतो आणि मी सांगते. त्याला आता बरंच येतं. आमच्या आईची नक्कलसुद्धा येते. मी हे काय करते आहे, कुणाला काय बनवते आहे, हे मला विचारू नका.

एक गोष्ट मात्र मी त्याला कधीच सांगितली नाही. हॉस्पिटलची. तो तिथं गेला, एकटा गेला, यातलं अवाक्षर मी काय, वहिनीनंही त्या खोलीत काढलेलं नाही. मला ते बोलवतच नाही.

गेल्या मंगळवारी वहिनी गाढ झोपली होती. बराच वेळ नुसता श्वास. मग तो आपणहून बोलला, मी काही विचारलं नव्हतं.

“त्या दिवशी मी झोपलो नव्हतो.”

“कुठल्या दिवशी?” मी विचारलं.

“ती घरी जातच नव्हती… बसूनच होती. किती दमली होती. म्हणून मी डोळे मिटले… झोपलोय असं तिला वाटलं, तेव्हा गेली.” मग तो म्हणाला, “मीच पाठवलं तिला. सांग तिला.”

काटा खाली आला आणि पुन्हा हलला नाही.

वहिनी उठली, पदर सावरला, छान झोप लागली म्हणाली, आणि घरी गेली. मी तिला काही सांगितलेलं नाही. उद्या मंगळवार आहे. तो दादाच असेल तर सांगायलाच हवं, तिचा त्यावर हक्क आहे, जन्मभराचा सल जाईल तिच्या मनातला. पण तो दादा नसेल, तर तिला नेमकं काय ऐकायचं आहे, हे त्याला कुणी सांगितलं?