नाक झिजलेली आई

जानकीची देवी पितळेची, बोटभर उंचीची. तिला नाक नव्हतं. नव्हतं म्हणजे झिजलं होतं. मालवणकडच्या तिच्या सासरी किती पिढ्यांच्या सासवा-सुनांनी रोज सकाळी अंगठ्याने चोळून तिला आंघोळ घातली, देव जाणे. डोळे, ओठ, सगळं गुळगुळीत. नवरा गेल्यावर जानकी मुलुंडच्या चाळीत आली ती ही आई पदराला बांधून. दुसरं होतं काय बिचारीकडे!

तिने पोटच्या पोरासारखा वाढवलेला दीर लवू म्हणाला, "वहिनी, देवी काळी पडलीय. ओळखीचा कासार आहे, झकास उजळून देईल." तिने दिली.

चार दिवसांनी देवी परत आली. जानकीने ताम्हणात ठेवून पाणी घातलं, अंगठा फिरवला... अंगठ्याला नाक लागलं. टोकदार.

"लवू, ही आपली आई नाही रे."

"उजळल्यावर तसंच वाटतं." तो चपला शोधत राहिला. वर काही बघितलं नाही मेल्याने.

तिला काय ते कळलं. ढसाढसा रडली. पण घरात आलेली मूर्ती पारोशी ठेवायची नाही, ही सासूची शिकवण. ती रोज चोळत राहिली. खरं सांगायचं तर, जरा रागानेच.

तिसऱ्या दिवशी नाकाचं टोक गेलं, पाचव्या दिवशी ओठ. पितळ असं झिजतं होय? आणि ताम्हणातल्या पाण्याला वास यायचा... लवूच्या दाढीच्या साबणाचा.

त्या दिवसापासून घरी न फिरकलेला लवू आठव्या सकाळी दारात उभा. तोंडाला पंचा गुंडाळलेला, आणि नाकाच्या जागी तो सपाट बसलेला.

"वहिनी... नको चोळू. पाया पडतो तुझ्या."

"माझी आई कुठाय?"

"विकली गं... एका साहेबाला. हजार वर्षांची आहे म्हणाला. बोटीनं घेऊन गेला विलायतेला..."

इतका राग होता, तरी जानकीचा जीव कळवळला. तिने दोन्ही हात पदरात घेतले. "बरं. आजपासून नाही घालत आंघोळ."

दोघं उंबऱ्याशी बसली. तेवढ्यात आतून ताम्हणात पाणी पडल्याचा आवाज आला. मग अंगठा चोळल्याचा, सावकाश. लवूने पंचा गच्च धरला.

आत बांगड्या वाजत होत्या. जानकीचे हात तर नवरा गेल्यापासून मोकळे. आणि त्या बांगड्या काही एकीच्या नव्हत्या.