बावीस फेऱ्यांचा व्हॉल्व्ह

व्हॉल्व्ह फिरवायला ताकद लागते असं लोकांना वाटतं. ताकद रेड्यालाही असते. लागते ती मोजदाद. मोठ्या टाकीचा व्हॉल्व्ह चाळीस फेऱ्यांचा, बाजाराकडचा अठ्ठावीस, शाळेमागचा सोळा. शेवटचे दोन फेरे नेहमी हलक्या हाताने, नाहीतर पाणी पाइपात आपटतं आणि जुना सांधा निखळतो. हे सगळं चावीवाल्याच्या डोक्यात नव्हतं, खांद्यात होतं. चौतीस वर्षं पाणी खात्यात काढलेला माणूस. छातीएवढी उंच लोखंडी चावी, वर आडवा दांडा, आणि दांड्याला दोन्ही हात. उजवा खांदा कामातून गेला होता, म्हणून दर पाच फेऱ्यांनी तो थांबायचा, एक श्वास घ्यायचा आणि मग पुढे.

"दादा, व्हॉल्व्ह फिरवताय की जातं?" बरोबरचे हसायचे.

"जात्यातून पीठ तरी निघतं. तुमच्या तोंडातून नुसतं वारं."

त्याचं दुसरं हत्यार म्हणजे ऐकायची सळई. एक टोक पाइपावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाच्या लाकडी गोट्याला कान लावायचा. जमिनीखाली कुठे गळतं, कुठे तुंबलंय, कुठे कुणी नळ उघडा टाकून झोपलंय, सगळं ऐकू यायचं.

टेकडीच्या माथ्यावर त्याच्या भागातली शेवटची गल्ली होती. सहा घरं, आणि सहावं त्याच्या थोरल्या बहिणीचं. टेकडीच्या पायथ्याशी त्या गल्लीचं चेंबर. पाणी वर पोचलं की ताई नळावर पळीने तीन ठोके द्यायची. बिडाचा जुना पाइप तो आवाज खाली आणून सोडायचा. तो सळईने ऐकायचा आणि चावीने व्हॉल्व्हवर दोन ठोके द्यायचा. समजलं. मग तो पुढच्या वस्तीकडे जायचा. घरोघरी फोन आले तरी ही पद्धत सुटली नाही. "फोनला रेंज लागते, पाइपाला लागत नाही," ताई म्हणायची.

गेल्या वर्षी त्याला कावीळ झाली. महिनाभर अंथरूण सुटलं नाही. बदलीच्या माणसाने काम पाहिलं. तो हिंडायला लागल्यावर ताई म्हणाली, "तुझ्या बदलीचा माणूस बरा हो. उत्तर द्यायला एक दिवस चुकला नाही."

आपण त्या माणसाला ठोक्यांचं सांगितल्याचं त्याला आठवेना. तापात सांगितलं असेल, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं.

यंदा त्या गल्लीचं पाणी गेलं. कमी झालं नाही, गेलंच. टाकी भरलेली, खालच्या वस्त्यांना धो धो, आणि वरच्या सहा घरांना थेंब नाही. नऊ दिवस झाले. दोन घरांना कुलपं लागली. ताईचे गुडघे धरलेले, तरी ती सत्तर पायऱ्या उतरून खालच्या सार्वजनिक नळावर जायची आणि कळशी कमरेवर घेऊन चढायची.

"गावाला पाणी पाजतोस आणि बहिणीच्या घशाला कोरड," ती म्हणाली. "दिव्याखाली अंधार तो हाच. भाचा तुझा शनिवारी गाडी घेऊन येतोय. म्हणतो, आई, आता इथलं पुरे."

"तू जाणार?"

ती फडताळातली भांडी पुसून पुन्हा जागच्या जागी ठेवत राहिली. चाळीस वर्षं ती भांडी त्याच जागी होती.

ऑफिसात साहेबांनीही शनिवारच काढला. वयाने मुलासारखा, पण बोलायला नीट माणूस. "दादा, सहा घरांसाठी किती दिवस घालवायचे? शनिवारपर्यंत सापडलं तर ठीक. नाहीतर वरची लाइन कायमची बंद करू. लोक तसेही खाली येतायत."

"सापडेल," तो म्हणाला.

"नाही सापडलं तर?"

"साहेब, पाणी म्हणजे काही चोर नव्हे. ते लपत नाही. कुठेतरी जातच असतं."

बुधवारी सकाळी पाणी सोडल्यावर तो सळई घेऊन टाकीपासून चालत निघाला. दर वीस पावलांना टेकवायची, ऐकायचं, पुढे. पायथ्याच्या चेंबरच्या जरा अलीकडे आवाज वळला. माथ्याकडे न जाता पाणी डावीकडे, टेकडीच्या मागे चाललं होतं.

तिकडे कुणीच राहत नव्हतं.

तिकडे एक वसाहत व्हायची होती. तीस वर्षांपूर्वी प्लॉट पाडले, हद्दीचे दगड रोवले, प्रत्येक प्लॉटवर नळाचा पाइप वर काढून त्याला टोपण लावलं. बावीस प्लॉट. हे काम त्यानेच केलं होतं, तरुण असताना, वस्तादाच्या हाताखाली. मग घरं काही झाली नाहीत. फाट्यावरचा व्हॉल्व्ह त्यानेच बंद केला होता. तोही बावीस फेऱ्यांचा, म्हणून लक्षात राहिला होता.

त्याने फाट्याच्या चेंबरचं झाकण पहारीने उचकटलं. कडेला गंज धरलेला, आत कोळ्याचं जाळं, कुठेही तुटलेलं नाही. चावी बसवली. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता.

आधी त्याने स्वतःवरच संशय घेतला. जुन्या मालात उलट्या आट्यांचे व्हॉल्व्ह असतात. बंद करतोय म्हणून माणूस उघडून ठेवतो. या धंद्यातली ही नेहमीची चूक. पण आटे सुलटे होते. शिवाय तीस वर्षं उघडाच असता, तर माथ्यावर इतकी वर्षं पाणी चढलं कसं? नऊच दिवस का?

त्याने बंद केला. पाच फेरे, श्वास. पाच फेरे, श्वास. बावीस. मग खात्री करावी म्हणून तो मागच्या माळावर गेला. कोरडं गवत, दगड, आणि रांगेत उभे असलेले टोपण घातलेले पाइप. कुठे ओल नाही, चिखल नाही. त्याने पहिल्या पाइपावर सळई टेकवली. काही नाही. समाधानाने तो परत फिरला.

गुरुवारी सकाळी ताईच्या नळाला पाणी नव्हतं. फाट्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता. कोळ्याने रात्रीत नवं जाळं विणलं होतं आणि तेही अखंड होतं.

तो पुन्हा माळावर गेला, या वेळी पाणी चालू असताना. पहिल्या पाइपाला कान लावला.

आत कुणीतरी बादली भरत होतं.

हा आवाज त्याने हजारदा ऐकला होता. आधी धार तळावर आपटते तो पोकळ आवाज, मग भरत जाईल तसा बारीक होत गेलेला. काठोकाठ आल्यावर नळ बंद केल्याची चिरचिर. तिसऱ्या पाइपात कुणी भांडी विसळत होतं. सातव्यात मोरीत तांब्याने पाणी घेतल्याचे सपके. अकराव्या पाइपात नळ उघडला जायचा, नुसता फुसफुसायचा आणि बंद व्हायचा. थोड्या वेळाने पुन्हा उघडायचा. एखाद्या घरी पाणी पोचत नसलं की माणूस असंच करतो.

त्याने पाना लावून अकरावं टोपण काढलं. पाइप आतून कोरडा ठणठणीत होता. मुंग्यांनी वारूळ केलं होतं. टोपण परत बसवून सळई टेकवली, तर नळ फुसफुसत होता.

तो दगडावर बसून राहिला. ऊन चांगलं चढलं होतं. 

संध्याकाळच्या आत त्याने व्हॉल्व्ह पुन्हा बंद केला, चावी काढून व्हॉल्व्हच्या टोकाला तार गुंडाळली आणि खात्याचं शिशाचं सील ठोकलं. साहेबांना एवढंच सांगितलं, की मागच्या वसाहतीच्या लाइनला गळती आहे.

"तिकडे लाइन आहे?" साहेबांनी विचारलं.

"आहे."

"तुमची खात्री आहे ना, दादा? कान तपासून घेतलेत का कधी?"

"कान चांगले आहेत, साहेब. तीच तर अडचण आहे."

शुक्रवारी सील जसंच्या तसं होतं. तार हललेली नव्हती. व्हॉल्व्ह बावीस फेरे उघडा होता.

दुसरा कुणी असता तर तिथेच चावी टाकून गेला असता. पण उद्या शनिवार होता. उद्या गाडी येणार होती, आणि फडताळातली भांडी कागदात गुंडाळून खोक्यात जाणार होती. त्याने सील तोडलं, डबा उघडून भाकरी खाल्ली, पाणी प्याला आणि चावी बसवली.

बावीस फेरे बंद केले. या वेळी हात काढले नाहीत.

ऊन कलायला लागलं तसा दांडा हलला.

झटका नव्हता. सावकाश, जाणत्या हाताने फिरवल्यासारखा तो उलटा फिरत होता. त्याने जोर लावून पाहिला. खांद्यात कळ गेली. दांडा थांबेना.

एक. दोन. तीन. चार. पाच.

मग दांडा थांबला. एक श्वास घेण्याइतका.

आणि पुन्हा पाच.

तो मोजत राहिला. मोजून झाल्यावर त्याने तोंड पुसलं आणि पुन्हा बंद करायला घेतलं. बावीस. पलीकडून पुन्हा उघडलं गेलं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा उघडलं गेलं तेव्हा त्याच्या हातातलं बळ सरलं, पण त्याने दांडा सोडला नाही. त्यावर छाती टेकवून चेंबरमध्ये वाकून तो म्हणाला, "अरे बाबा, वर माझी बहीण आहे. म्हातारी आहे. तिला पाणी नाही."

खालून काही आलं नाही.

त्याने सळई घेतली, माळाकडे जाणाऱ्या पाइपावर टेकवली आणि कान लावला.

लांबून, अगदी बारीक, धातूवर धातू.

तीन ठोके.

थोडं थांबून पुन्हा तीन.

तो मग उठला, चावी धरली आणि मोजून अकरा फेरे बंद केले. अर्धा व्हॉल्व्ह तिकडे, अर्धा इकडे. हात दांड्यावर ठेवून वाट पाहिली.

दांडा हलला नाही.

शनिवारी सकाळी तो ताईकडे गेला. चावी दाराशी टेकवली. भाचा आधीच आला होता. दोन खोकी बांधून झाली होती, तिसरं उघडं होतं. ताई तोंड फिरवून बसली होती.

"मामा, तुम्हीच समजवा आता," भाचा म्हणाला. "इथे काय राहिलंय?"

तेवढ्यात मोरीतला नळ खोकला. आधी वारा, मग लाल पाणी, मग स्वच्छ. धार बोटाएवढी, पण न तुटणारी. ताई गुडघे विसरून उठली. तिने बादली लावली आणि ती भरताना ऐकत उभी राहिली.

"ती खोकी सोड," ती लेकाला म्हणाली. "आणि आधी चहा ठेव. मामाला साखर कमी."

भाचा सुतळी सोडायला बसला. चावीवाला भिंतीला टेकून खाली बसला. चार दिवसांत पहिल्यांदा त्याच्या खांद्यातली कळ थांबली होती.

बादली भरली. ताईने नळ बंद केला, फडताळाजवळ जाऊन खोक्यातून पळी शोधून काढली आणि सवयीने नळावर तीन ठोके दिले.

"अगं, मी इथेच आहे," तो हसून म्हणाला. "खाली कोण आहे ऐकायला?"

ताईने बोट ओठांवर ठेवलं. नळाला कान लावला.

पाइपातून एक ठोका आला. मग एक श्वास घेण्याइतकी जागा, दुखऱ्या खांद्याचा माणूस घेतो तेवढी. मग दुसरा.

"झालं," ताई पळी पुसत म्हणाली. "समजलं त्याला."