हक्कसोडीची साडी

रसवंतीचे घुंगरू वाजत होते म्हणून बरं. नाहीतर माझं काळीज कसं धडधडतंय ते सगळ्या इस्लामपूर स्टँडला ऐकू गेलं असतं.

पांढऱ्या शर्टवाला म्हसवडपासून माझ्या मागे होता. मी दिसेल त्या बाकड्यावर बसले आणि शेजारच्या अनोळखी मुलाला पुटपुटले, “मी तुमच्याबरोबर आहे... एवढं दाखवा फक्त.”

त्यानं मान वळवली. क्षणभर पाहिलं, आणि मोठ्यानं म्हणाला, “कवाधरनं वाट बघतोय! रस पार कोमट झाला की गं!” आपला अर्धा ग्लास त्यानं माझ्यापुढे सरकवला.

पांढरा शर्ट रेंगाळला... गेला.

“कोन हुता?”

“कंपनीचा माणूस. आमच्या गावचं गायरान कंपनीनं घशात घातलंय. सरकारी जमीन... सगळ्या गावाची मेंढरं तिथं चरायची. मी जनहित याचिका केलीय. आज कोल्हापूरला हायकोर्टात तारीख आहे.”

“एकटीनं?”

“आणखी दोघं होते. त्यांच्या पत्र्यावर दगड पडले, त्यांनी माघार घेतली.”

“आन् तू भीत न्हाईस?”

“लय भिते.”

तो हसला नाही. “मग गाडीत खिडकीपाशी बसू नगंस. तिथं मी बसतो.”

त्याचं नाव जयराज. गाडीत मी गावाचं नाव सांगितलं, तसा तो उडालाच. “आगं, ते तर आमच्या वडलांचं गाव! गायरानाला लागूनच आमचं रान हाय!” आम्ही दोघंही खूश झालो. वेडे!

मग प्रत्येक तारखेला तो स्टँडवर उभा. खिडकी त्याची, खांदा माझा. भीती होतीच... पण आता तिच्या शेजारी कुणीतरी बसलं होतं.

एके दिवशी माझ्या मोबाइलवर फोटो आला. गाडीतला. त्याच्या खांद्यावर झोपलेली मी. खाली एकच ओळ : ‘कोर्टाला दाखवू?’

आमच्या वकील नूरीन मॅडमनी फोटो बघितला आणि म्हणाल्या, “संयोगिता, गायरान सुटलं तर त्याच्या रानाला वाट मिळते. ते म्हणतील, कसलं जनहित? पोरगी होणाऱ्या सासरचा फायदा बघतेय. याचिका तिथंच फेटाळली जाईल.”

माझ्यामुळे गावाचं गायरान जाणार... त्या भीतीपुढे पत्र्यावरचे दगड काहीच नव्हते. मी जयराजला फोन केला. “यापुढे येऊ नकोस. तुझ्या रानापायी याचिका फेटाळली जाईल.”

“...बरं,” एवढंच म्हणाला.

पुढच्या तारखेला इस्लामपूरला उतरले, तर बाकड्यावर तो! मांडीवर पिशवी. आणि रसवंतीपाशी पांढरा शर्ट.

“नको म्हटलं होतं ना!”

“आगं, ऐक तर. आपल्याकडं भनी भावाला हक्कसोड लिहून देत्यात, आन् भाऊ त्यास्नी साडी नेसवतो. व्हय ना?”

“मग?”

“मी उलटं केलं. वडलांच्या माघारी आलेला माझा वाटा शिवांजलीताईच्या नावावर सोडला. आता माझ्या नावावर ढेकूळबी न्हाई.”

“जयराज...”

“कचेरीत सगळी हसली. ताई म्हनली, रीत म्हंजी रीत, आन् ही दिली माझ्या हातात.” त्यानं पिशवीतून जांभळी साडी काढली. कानापर्यंत लाल झाला. “मला काय शोभणार ही? तूच... नेसशील का?”

“कंपनीवाले तरीही भांडतील.”

“भांडू देत. लपवायचं न्हाई. आज मॅडमनीच समदं कोर्टाला सांगू दे.”

“आणि तरीही हरलो तर?”

“तरी खिडकी माझीच.”

समोर पांढऱ्या शर्टानं मोबाइल वर केला. मी साडीची घडी उलगडली, पदर खांद्यावर घेतला आणि डोकं जयराजच्या खांद्याला टेकवलं.

“काढा,” मी म्हटलं. “नीट काढा. मागचा फार अंधुक आला होता.”