नागपूरहून आलेली रॅकेट

"ताई, तुमच्या लेआउटात घराईले नंबरच नाई. मी किती फिरू? मेन रोडवरचं वळखीचं एखादं दुकान सांगा, तिथं ठेवून देतो."

कुरिअरवाल्याचा असा फोन आला आणि हर्षाच्या तोंडून निघून गेलं, "प्रभाकररावांचं दुकान, खेळाच्या सामानाचं." फोन ठेवला मात्र, तिने जीभ चावली. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेच्या शाळेत पोरांना गणित शिकवणारी ही हुशार मुलगी! ज्या दुकानाला टांग देऊन तिने बॅडमिंटनची रॅकेट इंटरनेटवरून मागवली, तिथेच तिने पार्सल पाठवलं होतं.

आता तोंड कसं दाखवायचं? कारण दुकान प्रभाकररावांचं असलं, तरी काउंटरवर असायचा त्यांचा मुलगा... स्वप्निल.

दिवाळीनंतर ती पहिल्यांदा तिथे गेली होती, हलकी निळी रॅकेट शोधत. नागपूरहून आणून देतो, असं तो म्हणाला आणि हसला. त्या हसण्यात काय होतं कोण जाणे, पण हर्षाची वाट रोज त्या दुकानावरून जायला लागली. ती विचारायची, आली का? तो म्हणायचा, उद्या येऊन पाहा. मग तिच्यासाठी स्टूल पुसला जायचा, चहा यायचा, आणि पिसांचं शटल कसं ओळखावं हे सांगता सांगता तो मध्येच थांबून तिच्याकडे बघत राहायचा. हर्षाला ते 'उद्या' फार आवडायचं. पण जिल्ह्याची स्पर्धा रविवारवर येऊन ठेपली, तरी रॅकेटचा पत्ता नाही. मनात असतं तर एव्हाना आणली नसती का यानं? आपणच वेड्यासारखं हेलपाटे घालतोय. तिला इतका राग आला, की त्याच संध्याकाळी तिने पुण्याच्या दादाला फोन करून त्याच्या कार्डावर रॅकेट मागवली.

आणि आज, शुक्रवारी, ती काउंटरपुढे उभी होती. स्वप्निलने लांबट खोकं तिच्यापुढे सरकवलं. आज स्टूल पुसला गेला नाही.

"उघडून पाहून घ्या," तो एवढंच म्हणाला.

तिने खोकं उघडलं. निळीशार, पिसासारखी हलकी रॅकेट... आणि मध्ये जाळीच नाही! हर्षाचे डोळे भरून आले. महागाच्या रॅकेट अशाच येतात, जाळी वेगळी लावावी लागते, असं स्वप्निलने हळूच सांगितलं. तो लावून देईल, पण जाळीची तार गोंदियाहून यायला सोमवार उजाडेल. म्हणजे स्पर्धा गेली.

तेवढ्यात आतल्या खोलीतून प्रभाकरराव चष्मा पुसत बाहेर आले.

"अरे, अशीच तर एक हाय आतमंदी! कवाची आणून ठेवली नागपूरहून. काऊन देत नाई तिले?"

स्वप्निल कानापर्यंत लाल झाला. प्रभाकररावांनी कपाटातून रॅकेट काढली – तीच, निळी, जाळी लावलेली – काउंटरवर ठेवली, एकदा मुलाकडे, एकदा हर्षाकडे पाहिलं आणि चहा सांगायला म्हणून स्वतःच बाहेर निघून गेले.

"खोटं काऊन बोलले तुम्ही?" हर्षाने विचारलं.

"दिली असती तर..." तो जाळीवरून बोट फिरवत राहिला. "तर तुमचं येणं बंद झालं असतं. मले ते नको होतं."

चिडायला हवं होतं तिने. पण तिला हसूच फुटत होतं.

"अन् मी काऊन येत होती रोज? इंटरनेट काय आजच आलं का वर्ध्यात? थोडा तरी इचार करायचा ना."

स्वप्निलने मान वर केली. बाहेर ऑटोवाले सवारीसाठी ओरडत होते, आणि इकडे काउंटरच्या काचेवर दोघांची बोटं एकमेकांना लागली होती, ती कोणीच काढून घेत नव्हतं.

मग हर्षानेच सांगितलं, की मिश्र दुहेरीसाठी नाव आज सातपर्यंत द्यायचं आहे आणि तिला जोडीदार नाही. त्याला खेळता येत होतं, अडचण एकच होती – रविवारी दुकान कोण बघणार?

"मी पायतो दुकान," दारातून आवाज आला. चहाचे ग्लास घेऊन प्रभाकरराव उभे होते. "जा, पह्यले नाव लिहून या."

स्वप्निलने घाईघाईने गाडी काढली. ती मागे बसली, रॅकेट मांडीवर धरून.

"रविवारी हरलो तर?" त्याने आरशातून तिच्याकडे बघत विचारलं.

"हरू. काय होते?"

"अन् सोमवारी?"

हर्षा थोडी पुढे झुकली.

"सोमवारी आमच्या घरी येजा," ती म्हणाली, "तुमच्या बाबांले घेऊन."