पट्टीबाहेरची वेलांटी

चिठ्ठीत दुपारी बाराची वेळ दिली होती, म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. निघताना चष्मा पुसला, आईला म्हटलं, "येते गं. औषध विसरू नकोस." मी छापखान्यात मुद्रितं तपासते, तीस वर्षं झाली. पानावर एखादी वेलांटी निसटली तरी मला खड्यासारखी टोचते. पुढचं सगळं या खोडीमुळेच कळलं, म्हणून आधी सांगून ठेवते.

काम होतं भावाची फाइल बघण्याचं. माझा धाकटा भाऊ शाळेत गणित शिकवायचा. अकरा वर्षांपूर्वी त्याने कुठल्याशा पत्रावर सही केली आणि तिसऱ्या दिवशी साध्या कपड्यांतली दोन माणसं "दहा मिनिटांत सोडतो" म्हणून त्याला घेऊन गेली. मी बावीस अर्ज केले. बावीस वेळा उत्तर आलं की सदर व्यक्तीबाबत या कार्यालयाकडे माहिती नाही. त्यातही अर्ध्या पत्रांत 'माहिती'ची वेलांटी चुकलेली. माणूस गिळला तो गिळला, वर शुद्धलेखनाचीही लाज नाही! तेविसाव्या अर्जाला मात्र ही चिठ्ठी आली.

हे ऐकणारे-बघणारे लोक एवढं लपवतात तरी काय, यावर छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत रोज खल व्हायचा. बाइंडर म्हणायचा, घराघरातलं बोलणं त्यांच्याकडे असतं. मशीनवाला म्हणायचा, "माझ्या घरातलं ऐकत असतील तर बिचाऱ्यांचे हाल आहेत. बायको एकदा सुरू झाली की यंत्र जळेल त्यांचं." माझं म्हणणं असं की इतकं ऐकून त्यांच्या हाती काहीच लागत नाही, तेच ते लपवतात. आम्ही तिघंही चुकलो होतो.

त्या कार्यालयाच्या तळघरात पाटी नसलेलं एक दार होतं. आत सात टेबलं होती, सहांवर चादरी घातलेल्या. सातव्यामागे एक म्हातारा कारकून बसला होता. खोलीत ओल्या कापडाचा आणि शाईचा वास कोंडला होता. दिवे लख्ख होते, पण त्यांची गुणगुण थांबत नव्हती. थोड्या वेळाने ती आपल्याच कानातून येते आहे असं वाटू लागे.

"बसा, बाई," तो हलकेच म्हणाला. "पानं मोजून द्यायची. फोटो काढायचा नाही."

फाइल जाडजूड होती. आमच्या बैठकीच्या खोलीत यंत्र लपवलं होतं, आणि तिथलं बोलणं कोणीतरी ऐकून हाताने उतरवून घेतलं होतं. आई 'व्यक्ती १', भाऊ 'व्यक्ती २', मी 'व्यक्ती ३'. मी आईशी भाजीवरून घातलेला वाद अक्षरशः लिहिलेला होता. संतापाने माझे कान तापले.

जे झाकायचं होतं त्यावर शाईच्या पट्ट्या मारल्या होत्या, शब्दागणिक एक. पण पट्टी अक्षराच्या धडापुरतीच होती. वरच्या मात्रा-वेलांट्या आणि खालचे उकार बाहेरच राहिले होते. ज्याने झाकलं त्याला एवढंही सुचलं नव्हतं.

भावाला नेल्यानंतरच्या सहाव्या दिवसाचं पान आलं. तारीख उघडी होती. खाली तीन पट्ट्या. पहिल्या दोन साफ होत्या. तिसरीच्या खाली मात्र दोन शेपट्या लोंबत होत्या, आधी ऋकार, मग दीर्घ उकार. हा शब्द मी आयुष्यभर छापखान्यात तपासत आले आहे. ताब्यात असताना मृत्यू.

मी रडले नाही. माझे दात एकमेकांवर घट्ट बसले होते. अकरा वर्षं आईने दाराची कडी लावली नव्हती, आणि या माणसांना सहाव्याच दिवशी माहीत होतं.

मी पान उलटलं. फाइल तिथे संपायला हवी होती. नववा दिवस. व्यक्ती १: "कोण?" खाली लिहिलं होतं, व्यक्ती २. पुढे तीन पट्ट्या. पहिलीच्या शेवटी ईचा फाटा वर आलेला, दुसऱ्या एवढ्याशा पट्टीवर वेलांटी, तिसरीच्या मधोमध मात्रा.

आई, मी आलोय.

"हा आकडा चुकलाय," मी म्हटलं. "हा दोन... इथे दोन कसा?"

"आम्हालाही आधी तसंच वाटलं." त्याने दाराकडे पाहिलं. "यंत्र तीनदा बदललं, बाई. शेवटी काढूनच टाकलं. पण इथे आवाज येतच राहिला..."

मी पुढची पानं भराभर उलटली. आईची वाक्यं उघडी होती. "थकलास रे." "ताईला झोपू दे." ही वाक्यं मी स्वतःच्या कानांनी ऐकली होती. आई एकटीच बडबडते म्हणून मी तिच्यावर डाफरले होते, तिला डॉक्टरकडेही नेलं होतं. तो चार पावलांवर बसून बोलत होता! मला एकदा जरी कोणी सांगितलं असतं, तर मी त्याच्यासमोर नुसती बसून तरी राहिले असते.

"सांगितलं का नाही?" माझा आवाज चढला. "तो घरी आला होता... तुम्हाला ठाऊक होतं!"

"तो घरी येतो हे सांगायचं, तर तो मेला हे आधी सांगावं लागलं असतं."

हे त्यांचं गुपित. एवढंच. एक मेलेला माणूस लपवायला त्यांनी त्याचं परतून येणंही लपवलं.

शेवटची पानं जवळजवळ काळी होती. मध्येच आईचा प्रश्न यायचा, "अजून किती राहिलेत?" कारकून चादर घातलेल्या टेबलांकडे बघत होता.

"नावं घेतो तो," तो पुटपुटला. "आमच्या खोलीतल्यांची. नाव घेतलं की आठवड्याच्या आत... आम्ही सात जण होतो."

शेवटचं पान त्याच दिवशी सकाळचं होतं. "येते गं. औषध विसरू नकोस," हे माझंच वाक्य वर होतं. खाली आई: "अजून किती राहिलेत?" त्याखाली दोन अक्षरांएवढी पट्टी, वर-खाली काहीच नाही. सात असेल, आठ, चार...

"एक," तो म्हणाला. "बाई, तुमचा अर्ज मी मंजूर केला. मीच. त्याला सांगा ना... मी हात नाही लावला त्याला. मी फक्त लिहून घेत होतो."

"तो मरत असतानाही?"

 त्याच्या हनुवटीला घाम सुटला होता. दयेने मी विरघळले असते तर ती माझी चूक ठरली असती, पण दया आलीच नाही.

"अर्ज करा," मी म्हटलं. "तुमच्याच नमुन्यात. उत्तर येईल." आणि पानं मोजून परत दिली.

घरी पोचले तेव्हा खिडकीतून कडक ऊन आत आलं होतं. आई खुर्चीत बसली होती. समोरची खुर्ची तिने आपल्याकडे वळवून ठेवली होती, आणि ती रिकामी होती.

"तो येत होता, हे मला का नाही सांगितलंस?" मी दारातूनच ओरडले.

"सांगितलं होतं की. तू डॉक्टर गाठलास."

मी त्या खुर्चीसमोर जमिनीवर बसले. "बाळा," मी म्हटलं, "मी आले रे. बोल माझ्याशी. एकदा बोल." खूप वेळ तशीच बसले. काहीच ऐकू आलं नाही.

"आता नाही यायचा तो," आई म्हणाली. "मघाशीच निरोप घेऊन गेला. काम संपलं म्हणाला."

"मघाशी म्हणजे कधी?"

"दीड वाजला असेल."

दीड वाजता मी त्या तळघराचा जिना चढत होते, आणि मागे खोलीत तो कारकून एकटाच राहिला होता. त्याच्या आवाजाचे अकरा वर्षांचे कागद त्यांच्याकडे आहेत. माझ्याकडे एक शब्द नाही. तो राग अजून उतरलेला नाही, आणि उतरू नये असंच मला वाटतं.

तेवढ्यात फोन वाजला. नंबर त्या कार्यालयाचा होता.

"हॅलो?" मी म्हटलं.

पलीकडे कोणी बोललं नाही. श्वाससुद्धा नाही. फक्त कागदावर पेन सरकल्याची खरखर आली, 'हॅलो'ची दोन अक्षरं लिहायला लागते तेवढीच, आणि थांबली.

"कोण आहे?"

पुन्हा खरखर.

मी तोंडावर हात दाबून धरला. मागून आईने विचारलं, "कोण आहे गं?" आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत पेन पुन्हा चालू लागलं.