ळ गिळणारी जोडी

स्वस्त स्पीकर पारखताना लोक आधी ढमढम ऐकतात. तिखटबाई ऐकायची ळ. तिखट कान आणि त्याहून तिखट जीभ, म्हणून ग्राहक-मासिकाच्या कचेरीत तिला हे नाव पडलेलं. तिचं म्हणणं एवढंच, की ढोल काय, कुठल्याही खोक्यात वाजतो. ळ मात्र जीभ मागे वळवून टाळूला लावावा लागतो, आणि भिकार स्पीकर नेमका तिथेच उताणा पडतो. त्यासाठी तिने थोरल्या बहिणीकडून चार शब्द म्हणवून ध्वनिमुद्रित करून ठेवले होते: काळं, निळं, पिवळं, जांभळं. ताईचं कामच ते, ध्वनिमुद्रणासाठी पुस्तकं वाचायचं. त्यावर तिचं पोट होतं, आणि त्यातच तिचा जीव.

त्या सकाळी टेबलावर सात जोड्या होत्या. सहांची बाईने जेवणाआधीच सालटी काढली. एकाचं खोकं पत्र्यासारखं थरथरत होतं, एकाची जाळी हातात आली, एकाचं बटण तर मागे, भिंतीकडे. सातवी जोडी सगळ्यांत स्वस्त. राखाडी, अगदी हलकी, पण सांधे घट्ट आणि कडा हाताला गुळगुळीत. बासरी लावली तर वाजवणाऱ्याची फुंकर ऐकू आली.

“हिने महागड्यांचं नाक कापलं,” संपादक दारातून म्हणाले. “‘पैसा वसूल’चा शिक्का हिलाच देऊन टाक.”

“थांबा. ळ राहिलाय.”

तिने ताईचं ध्वनिमुद्रण लावलं. आवाज समोर बसल्यासारखा आला.

“कालं, निलं, पिवलं, जांभलं.”

बाईने कचेरीतल्या मोठ्या स्पीकरवर तेच लावून पाहिलं. चारही ळ जागच्या जागी. पुन्हा राखाडीवर, पुन्हा ल. स्पीकर वाईट असता तर आवाज बसला असता, खरखरला असता. इथे तर ताईच ठासून ल म्हणत होती. बाई हट्टाला पेटली की ऐकत नाही. तिने ते दहा वेळा वाजवलं.

संध्याकाळी ताईचा फोन आला.

“तुला वेल आहे का गं?”

“कसली वेल?”

“तेच तर. मला म्हणताच येत नाहीये. जीभ तिथे जाते आणि काही सापडतच नाही.” ताईचा आवाज कापत होता. “वाचता वाचता मध्येच गेलं. डॉक्टर म्हणतात, जीभ ठणठणीत आहे. सोमवारपासून नवं पुस्तक आहे गं माझं. दुसरीला देतील ते.”

बाईने फोन ठेवला आणि पहिलं काम केलं ते जोडीच्या तारा उपटण्याचं. तारा हातात आल्या. जाळीमागचा पडदा मात्र हलत राहिला, नुसता आत, आत. घोट घेताना गळा हलतो तसा.

“पंख्याचा कंप असेल,” संपादक म्हणाले.

“पंखा बंद आहे. आणि तुम्हाला शिक्का मारून हे घरोघरी पाठवायचंय?”

ती घाबरली होती, पण त्याहून जास्त चिडली होती. आपल्या ताईच्या तोंडचं कुणी काढून घेतं म्हणजे काय? तिने तारा पुन्हा जोडल्या, पण उलट्या. लाल काळ्याला, काळी लालला. उलट जोडणीत पडदा आत जायचा तेव्हा बाहेर येतो. या धंद्यात ही चूक करू नका म्हणून पहिल्याच दिवशी बजावतात. तिने ती मुद्दाम केली, आणि जाळीला तोंड लावून स्वतःच म्हणाली, “काळं, निळं, पिवळं, जांभळं. असं म्हणतात. आता गिळलेलं सगळं ओक.”

पडदा बाहेर फुगला.

मग ळ आला. नुसताच ळ, पुढेमागे काही नाही.

मग दुसरा, दुसऱ्याच गळ्यातला. मग बायकांचे, पुरुषांचे, पोरांचे, एकावर एक.

संपादक दारातून मागे सरले.

पडदा थांबला. बाईने पक्कड घेऊन दोन्ही तारा कापल्या आणि निकालाच्या कागदावर भलं मोठं शून्य काढलं.

“कारण काय छापू?” संपादकांनी हळूच विचारलं.

“चोर आहे म्हणून छापा.”

फोन वाजला. ताई हसत होती, रडतही होती.

“आला गं परत. ऐक. काळं.”

शब्द ताईचा होता. त्यातला ळ एका म्हाताऱ्याचा होता, घोगरा.

“निळं.” तो लहान मुलीचा.

“पिवळं.” तो दम लागलेल्या कुणाचा तरी.

ताईला यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. ती नुसती सुखावली होती.

“जांभळं.”

हा बाईने लगेच ओळखला. तो तिचा स्वतःचा होता.

“कळलं ना तुला?” ताईने विचारलं.

बाईने ‘कळलं’ म्हणायला तोंड उघडलं. जीभ मागे वळली, पण तिथे काही सापडलं नाही. मग एकेक शब्द निवडून म्हणाली, “हो. सोमवारी जा, आणि वाच.”